घरच्या गुंठ्याला पहिले पाणी

नेकनूर हे बीड जिल्ह्यातले, बालाघाटच्या पठारावरचे, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. आसपासच्या वाड्या-वस्त्यांचा व्यवहार इथल्या आठवडी बाजारावर चालतो आणि जनावरांच्या बाजारासाठी तर लांबून माणसे येतात. शेतीच्या नजरेने अशा बाजाराकडे पाहिले की एक गोष्ट मनाला लागते. दोन-तीन एकरांची कुटुंबे इथे सोयाबीन, कापूस, तूर विकतात आणि मेथीची जुडी, पावशेर गवार, चार टोमॅटो विकत घेऊन घरी जातात. घरामागे जागा आहे, गोठ्याचा उकिरडा आहे, राबण्याची सवय आहे, तरी भाजी पिशवीतूनच येते. कोरडवाहू अल्पभूधारकाने घरच्या खाण्याचा एक गुंठा हे वर्षाच्या नियोजनातले पहिले पीक मानावे, असे माझे ठाम मत आहे. बाकीच्या रानात नगदी पीक जरूर घ्यावे. पण पाणी, शेणखत आणि घरच्यांचे लक्ष यांवर पहिला हक्क त्या गुंठ्याचा असावा. आज परसबाग म्हणजे बायकांनी सवडीने करायचे काम किंवा एखाद्या मोहिमेपुरता काढलेला फोटो, अशी समजूत आहे. शेतीच्या हिशेबात ती कुठेच धरली जात नाही आणि तिथेच आपले चुकते.

आधी जमिनीचे बघू. कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातले सरासरी खाते ४.२८ हेक्टरचे होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांवर आले. वाटण्या होत गेल्या आणि सरासरीच्या खाली किती तरी खाती उरली. एवढ्या तुकड्यातले नगदी पीक वर्षातून एकदा, फार तर दोनदा पैसा देते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, कापसाचा त्यानंतर, तुरीचा संक्रांतीच्या पुढे. खर्च मात्र रोजचा असतो. म्हणून घर उधारीवर चालते आणि पीक आले की आधी उधारी फिटते. त्यातही भाव हातात नसतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत त्याहून बऱ्याच कमी दराने माल गेला. आदल्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला होता. विकताना पडलेला भाव आणि घेताना चढलेला भाव अशा दोन्ही बाजूंनी छोटा शेतकरी मार खातो. घरच्या गुंठ्यातून येणारी भाजी या दोन्ही भावांच्या बाहेर असते. ती रोज थोडी थोडी येते, म्हणजे ज्या वेगाने घराचा खर्च होतो त्याच वेगाने येते. नगदी पिकाला हे जमत नाही.

हे काही नवे शोधून काढलेले नाही. मराठवाड्याच्या रानात बाजरी, ज्वारी, कापूस यांच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, चवळी असे. कडेला अंबाडी, तीळ, कारळे असत. मध्येच वाळकाचे, शेंदाडाचे वेल सोडलेले असत. रब्बीत ज्वारीच्या पट्ट्यात करडई आणि हरभरा असे, आणि दोन्हींचा कोवळा पाला भाजीला येई. हरभऱ्याची भाजी वाळवून उन्हाळ्यापर्यंत पुरवली जाई. घोळ, पाथरी, तांदुळजा, कुंजीर या तर न पेरता मिळणाऱ्या भाज्या. खुरपताना ओट्यात गोळा व्हायच्या. लातूर-धाराशिवकडे आणि बीडच्या दक्षिण भागात वेळ अमावस्येला जी भज्जी शिजते, तिच्यातला शेंगांचा आणि पालेभाज्यांचा मेळ हा त्या मिश्र रानाचाच ताटातला हिशेब आहे. पुढे सोयाबीन वाढले, २००२ नंतर बीटी कापूस आला आणि अख्खे रान एका पिकाचे झाले. सलग पिकात तणनाशक मारणे सोयीचे पडते; तणाबरोबर घोळही जातो, तांदुळजाही जातो. जुना काळ सुखाचा होता असे मला सुचवायचे नाही. १९७२ चा दुष्काळ त्याच मिश्र पिकांच्या काळात पडला. पण रान बदलताना भाजी रानातून गेली आणि तिची भरपाई कुठे करायची हे ना कुटुंबाने ठरवले, ना कृषी खात्याने.

भरपाई झाली नाही याचा पुरावा दवाखान्याच्या कागदावर सापडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिला आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रासलेली आढळली. २०१५-१६ च्या फेरीत हे आकडे अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होते. रक्तक्षयाला अनेक कारणे असतात. एका भाजीच्या वाफ्याने तो हटेल असा दावा कोणी करू नये. पण रेशनवर धान्य मिळते, भाजी मिळत नाही, आणि हाती पैसा कमी असला की घरात पहिली काट भाजीवर बसते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. पाच जणांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो. एवढी भाजी विकत आणून शिजवणारे मजुराचे किंवा अल्पभूधारकाचे घर दाखवणे अवघड आहे. आता गुंठ्याचा हिशेब मांडू. गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत चौरस मीटरला हात राखून एक किलो भाजी धरली तरी शंभर किलो होते, म्हणजे रोज पाऊण किलोच्या वर. गरजेचा तिसरा हिस्सा त्यात भागतो. एवढ्याने सारे पुरत नाही; पण आज जे पाव किलोत भागवले जाते, त्याच्या किती तरी पुढे ते घर जाते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला सोबत लिंबू, आवळा, पेरू लागतो, म्हणून वाफ्यांच्या कडेला ही झाडे हवीतच.

पहिला आक्षेप पाण्याचा, आणि तो अगदी रास्त आहे. बीड हा पर्जन्यछायेतला जिल्हा. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि टँकरची वाट पाहणे बीडच्या खेड्यांना नवीन नाही. अशा मुलखात भाजीचा मळा लावा म्हणणे हा शहाणपणा का? उत्तर मोजून द्यायला हवे. भर हिवाळ्यात वाफ्यातून रोज चौरस मीटरला साधारण चार लिटर पाणी उडते. मे महिन्यात ते आठ लिटरांच्या घरात जाते. जलजीवन मिशनचे मानक माणशी रोज ५५ लिटरचे आहे. आपण ४० च धरू. पाच माणसांचे दोनशे लिटर होतात, आणि आंघोळ, धुणी-भांडी मिळून त्यातले शंभर-सव्वाशे लिटर सांडपाणी म्हणून बाहेर पडते. तेवढ्या पाण्यावर हिवाळ्यात तीसेक चौरस मीटर आणि उन्हाळ्यात पंधरा चौरस मीटर जागा हिरवी राहू शकते, पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले तर थोडी अधिकही. पावसाळ्यात तर सांडपाण्याचीही फारशी गरज नाही. पावसाने ताण दिला की तेवढे हाताशी असते. याचा अर्थ असा की बाग बारा महिने एका मापाची ठेवायची नाही. ती पावसाळ्यात पूर्ण गुंठाभर पसरावी, हिवाळ्यात तिसऱ्या हिश्शावर यावी आणि उन्हाळ्यात दोन वाफे व चार-सहा झाडे एवढीच उरावी. साबणाचे पाणी पालेभाजीला न देता केळ, पपई, शेवग्याच्या आळ्यात सोडावे, भांड्यांचे पाणी वाफ्याला द्यावे. गावोगाव सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले गेले; ते पाणी जमिनीत मुरण्याआधी एका झाडाच्या मुळाशी गेले तर खड्ड्याचे काहीच बिघडत नाही.

पाण्याच्याच बाबतीत आणखी एक तुलना करायला हवी, कारण पाणी नाही हे वाक्य आपण निवडक ठिकाणीच उच्चारतो. उसाला हंगामभरात साधारण दोन मीटर खोलीइतके पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. घरच्या गुंठ्याला पावसाळा सोडून आठ महिने रोज पुरते ४०० लिटर दिले, तरी वर्षाचे एक लाख लिटरही होत नाहीत. एका एकर उसाच्या पाण्यात ऐंशी घरांचे गुंठे बारमाही होऊ शकतात. ज्या राज्यात धरणाच्या पाण्यावर उसाचा पहिला हक्क निमूट मान्य केला जातो, तिथे घरच्या भाजीला मात्र पाणी परवडत नाही असे ऐकवले जाते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात विहिरीचे, बोअरचे पाणी उपसून ठेवायचे आणि ते डाळिंबा-मोसंबीला द्यायचे, यालाही सरकारी अनुदान मिळाले. त्या शेततळ्यातले दिवसाचे चार हंडे घरच्या वाफ्याला द्यावेत असे कुठल्या शासन निर्णयात लिहिले असते, तर त्याने कोणाची बाग वाळली नसती.

नेकनूरच्या हवामानात वर्षाचा क्रम कसा बसतो हे सांगितल्याशिवाय हा युक्तिवाद हवेत राहील. रोहिणीत आळी भरून, शेणखत घालून ठेवायची. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दोडका, कारले, दुधी, काकडी यांचे वेल कुंपणाला आणि मांडवाला; भेंडी, गवार, चवळी ओळीत; अंबाडी कडेला. वांगी-मिरचीची रोपे त्याच सुमारास तयार करून आर्द्रा-पुनर्वसूत लावायची. श्रावण-भाद्रपदात हा गुंठा घराला भरपूर देतो. जास्तीची गवार, चवळी, कारली वाळवून ठेवण्याचे, सांडगे घालण्याचे दिवस पुढे ऑक्टोबरच्या उन्हात येतात. हस्त-चित्रात रानात ज्वारीची पेरणी होते, तेव्हाच घरी मेथी, शेपू, पालक, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण यांचे छोटे वाफे टाकायचे, तेही एकदम नाही, पंधरा दिवसांच्या अंतराने. मेथी महिन्याच्या आत काढणीला येते; सोयाबीनला शंभर दिवस लागतात. हा फरक अतिवृष्टीच्या वर्षी फार मोलाचा ठरतो. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मराठवाड्यात उभी पिके गेली आणि रान वाफशावर यायला आठवडे लागले. घरामागचे उंच वाफे पुन्हा पेरायला एक दुपार पुरते, आणि दिवाळीपर्यंत ताटात काही तरी हिरवे येते. माघ-फाल्गुनात वाफे कमी करायचे, उरलेल्यात गवार-भेंडीची एखादी ओळ. त्यानंतर उन्हाळा शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि वाळवणावर काढायचा. शेवगा इथल्या मातीत कमी पाण्यावर टिकतो आणि शेंगेइतकाच त्याचा पालाही खाण्याजोगा आहे, याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते.

बांधावर काय लावायचे याचे उत्तर तर बालाघाटानेच देऊन ठेवले आहे. डोंगरउतारावर न लावता वाढणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; अंबाजोगाईला त्याचे संशोधन केंद्र आहे. पावसावर वाढणारे हे झाड, त्याच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. मोकाट जनावरांमुळे परसबाग टिकत नाही ही तक्रार प्रत्येक गावात आहे. काट्याच्या कुंपणाला आतून सीताफळाची ओळ दिली तर कुंपणही होते आणि दसरा-दिवाळीला पाटीभर फळही मिळते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. या जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. जो गावातच नाही त्याने बाग कशी जगवायची? याला सोपे उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणे त्या कुटुंबांची थट्टा ठरेल. तरी मोजून पाहावे. मृग ते दसरा हे चार महिने कुटुंब घरी असते आणि गुंठ्याचे सर्वांत मोठे उत्पन्न नेमके त्याच महिन्यांत येते. कारखान्यावर कोपीत राहताना भाजी विकत घेणे सर्वांत जड जाते; वाळवलेली गवार, चवळी, अंबाडी, डाळीचे सांडगे यांचे गाठोडे सोबत गेले तर तिथल्या ताटात फरक पडतो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना दोन वाफ्यांचे पाणी जमते. मुलांसाठी जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहे चालवली जातात आणि शाळांमध्ये पोषण बाग करण्याच्या केंद्राच्या सूचना २०१९ पासून आहेत. ज्या शाळेत स्थलांतरित कुटुंबांची मुले राहतात, तिथे ही बाग सर्वांत आधी व्हायला हवी. स्थलांतराचे मूळ कारण याने मिटत नाही. ते मिटवण्यासाठी सिंचन, स्थानिक काम आणि मजुरीचा दर यांवरच लढावे लागेल. पण ती लढाई जिंकेपर्यंत मुलांनी नुसत्या चटणी-भाकरीवर वाढावे असा तर कुणाचा आग्रह नसावा.

तिसरा आक्षेप स्त्रियांच्या बाजूने घेतला जातो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम कशाला? परसबाग हे फुकटचे घरकाम म्हणूनच तिच्याकडे आले, तर आक्षेप शंभर टक्के खरा आहे. फरक पडतो तो जमिनीवर आणि निर्णयावर कुणाचा हक्क आहे याने. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून पुढे आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने धाराशिव-लातूर भागात एक एकराची शेती उभी केली. कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा बाईच्या निर्णयाखाली आणायचा, त्यात आधी घरच्या खाण्याची धान्ये, डाळी, भाज्या घ्यायच्या, उरले ते विकायचे, खते-औषधे घरची. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. हे काम बीडला लागून असलेल्या जिल्ह्यांत, त्याच पावसात आणि त्याच दुष्काळात झाले आहे. तिथे बाई मजूर म्हणून बागेत गेली नाही. काय पेरायचे हे तिने ठरवले. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारख्या गावठी वाणांचे बी जपले आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांचा पद्मश्रीने गौरव झाला, तेही अशाच घरच्या बागेतून आलेले ज्ञान आहे. पुरुषांनी पाणी आणायचे, कुंपण घालायचे, खत वाहायचे काम उचलले नाही, तर मात्र गुंठ्याचा आग्रह धरण्याचा त्यांना अधिकार नाही.

चौथा आक्षेप शेतकरी चळवळीतून येतो: भाजीच्या वाफ्याने कर्ज फिटत नाही, प्रश्न शेतमालाच्या भावाचा आहे, आणि परसबागेच्या गप्पा म्हणजे सरकारला त्यातून सुटका देणे. भावाचा प्रश्न मूळ आहे हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या शरद जोशींनी हा प्रश्न महाराष्ट्राला शिकवला, त्यांनीच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चतुरंग शेतीचा विचार मांडला आणि त्यात व्यापार शेती, निर्यात शेती यांच्याबरोबर सीता शेती (बाईच्या हातची, बाहेरच्या खता-औषधांशिवायची शेती) आणि माजघर शेती (शेतमालावर घरीच प्रक्रिया) यांना जागा दिली. जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करण्याचे लक्ष्मीमुक्ती आंदोलनही त्याच काळातले. बाजाराचे एवढे कट्टर समर्थक असलेल्या माणसालाही बाजाराबाहेरचा एक तुकडा घराच्या हाती असावा असे वाटले, यामागे व्यवहार आहे. ज्याच्या घरात चार महिन्यांचे खाणे आहे तो शेतकरी माल आठ-पंधरा दिवस रोखून धरू शकतो. ज्याला आज किराणा भरायचा आहे त्याला मिळेल त्या भावात विकावेच लागते. घरचा गुंठा भावाच्या लढाईत शेतकऱ्याला थोडा दम देतो.

सरकारने करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. उमेद अभियानाच्या बचत गटांतून पोषण परसबागांची मोहीम झाली आहे. ती मोहिमेपुरती न ठेवता बी दोनदा, मृगाआधी आणि हस्ताआधी, गटाच्या हाती पडले पाहिजे, आणि त्यात संकरित पाकिटांपेक्षा घरी धरता येईल असे सुधारित व गावठी बी असावे. महाराष्ट्राने १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि राज्याच्या फळशेतीचे चित्र बदलले. त्याच हमीतून घरामागच्या गुंठ्याचे कुंपण, आळी, सांडपाण्याची चर आणि पहिल्या दोन वर्षांची झाडांची निगा मजुरी देऊन करता येईल. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवता येतात. तशीच घरच्या भाजीची नोंद बाईच्या नावाने व्हावी, म्हणजे नुकसानीच्या पंचनाम्यात तीही दिसेल.

गावाने करायचे काम मात्र सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे. १ मेच्या ग्रामसभेत नेकनूर आणि आसपासच्या प्रत्येक गावाने एवढेच ठरवावे: कोणाच्या घरामागे किती जागा आहे, सांडपाणी कुठे जाते, कोणते बी कुणाकडे शिल्लक आहे, याची यादी महिला गटांनी करावी आणि रोहिणी संपण्याच्या आत बी वाटून मोकळे व्हावे. सोयाबीनच्या पिशव्या आणण्यासाठी शेतकरी बाजारात जाणारच आहे. त्याआधी एक दिवस त्याने घरामागचा गुंठा खणून द्यावा.